अक्का, तुम्ही सुई माझ्या हातात दिलीत

प्रिय अक्का,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यातून तुमची बदली झाली आणि निरोपाची भेटही झाली नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. खानापूर-बेळगाव भागात आमच्यासारखी आणखी घरं आहेत. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते त्यांनाही कळू दे.

लेकाला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, तोही तीव्र. रक्त गोठवणारा फॅक्टर आठ एक टक्क्याहूनही कमी. निदान होण्याआधी रांगतानाच त्याच्या गुडघ्यांवर काळेनिळे डाग उठायचे. एका दवाखान्यात तापासाठी कमरेत इंजेक्शन दिलं आणि मांडी टम्म फुगली. पुढे रोगाचं नाव कळलं, तशी घरात कुजबुज सुरू झाली की हे माहेरून आलंय. माझ्या मामाचा गुडघा जन्मभर आखडलेलाच होता. गावात त्याला सगळे वात म्हणायचे.

तुम्ही सासूबाईंना आत बोलावून खुर्ची दिलीत आणि केसपेपरच्या मागे चित्र काढलंत. आईकडे दोन एक्स, त्यातल्या एकावर बिघडलेलं जनुक. मुलाला कुठला जाईल ते कुणाच्याच हातात नाही, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तीनातल्या एका घरात तर आधी कुणालाच हा आजार नसतो. "आजी, हिनं मुद्दाम दिलं काय हो?" एवढंच तुम्ही विचारलंत. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. आज पोराचा सांधा दुखला की सर्वांत आधी सासूबाई बर्फ घेऊन धावतात.

मग फॅक्टरचं औषध घरीच शिरेतून देता यावं म्हणून तुम्ही मला शीर शोधायला शिकवलंत. माझे हात थरथरत होते, पोर किंचाळत होतं. तुम्ही त्याला बाजूला बसवलंत, स्वतःची बाही वर केलीत आणि म्हणालात, "आधी मला टोचा." तुमच्या हातावर मी बटरफ्लाय सुई घातली आणि नळीत लाल रेघ चढली, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. फॅक्टरची बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची, आतल्या भुकटीत पाणी काचेच्या कडेनं सोडायचं, हलवायची नाही, तळव्यांत हळू फिरवायची, नाहीतर फेस होतो. पावसाळ्यात आमच्याकडे दिवस दिवस लाईट नसते. त्यावरही तुम्ही उपाय सांगितलात: थर्मासमध्ये बर्फ घालायचा, पण बाटली कापडात गुंडाळूनच ठेवायची, कारण गोठलेलं औषध वाया जातं. हे सगळं तुम्ही मोडक्यातोडक्या मराठीत, ड्युटी संपल्यावर थांबून सांगितलंत.

अक्का, रात्री सांध्यात रक्त उतरायला लागलं की पहिला एकदोन तासांचा वेळच महत्त्वाचा. आमच्या गावाहून बेळगावला पोचेपर्यंत तोच निघून जायचा. आता औषध घरीच असतं, आणि ते देणारी आईही.

संशोधनाबद्दल मी विचारायचे, तेव्हा तुम्ही खोटी आशा कधी लावली नाहीत. जुडिथ पूल या अमेरिकन बाईंनी 1964 साली रक्तद्रवातून क्रायो, म्हणजे फॅक्टर आठ असलेला भाग, वेगळं करण्याची सोपी रीत शोधली, हे मला तुमच्याकडूनच कळलं. मामाच्या वाट्याला तेही आलं नाही. एमिसिझुमॅबचंही तुम्हीच समजावलंत. 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध फॅक्टर आठचं काम दुसऱ्या वाटेनं करतं, कातडीखाली टोचतात, आणि आठवड्यानं, पंधरवड्यानं किंवा चार आठवड्यांनी एकदा घेतलं तरी चालतं. फॅक्टर घेऊन घेऊन ज्यांच्या अंगात त्याविरुद्धच इन्हिबिटर, म्हणजे फॅक्टरला निकामी करणारे घटक, तयार होतात, त्या पोरांसाठी तर तो फार मोठा आधार आहे. पण सुरू झालेला रक्तस्राव त्यानं थांबत नाही, तेव्हा फॅक्टर लागतोच, हेही तुम्ही बजावून सांगितलंत. किंमत ऐकून मी गप्प झाले, तर म्हणालात, "विचारत राहायचं, सोडायचं नाही."

मी विचारत राहिले, अक्का. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पाच जणांच्या स्वतःच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींत फॅक्टर आठचं जनुक घालून त्या परत दिल्या, आणि उपचारानंतर त्या पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही. डिसेंबर 2024 मध्ये ते छापून आलं. ते सगळे मोठी माणसं होती, आधी केमोथेरपी घ्यावी लागली, आणि पाच म्हणजे फार थोडे, हे मला कळतं. तरी आपल्याच देशात हे झालं हे वाचून मी तो कागद मामीला वाचून दाखवला.

आता धाकटीचं. तिच्यातही ते जनुक असू शकतं आणि तिचाही फॅक्टर कमी असू शकतो, म्हणून पाळी सुरू होण्याआधी तपासणी करून घ्या, असं तुम्ही सांगून ठेवलंय. यंदा सुगी झाली की तिला घेऊन जाणार आहोत. रिपोर्ट आला की आधी तुम्हाला फोन करीन. लेक शाळेत सायकलनं जातो. हेल्मेट घालतो, कुरकुरत का होईना. सासूबाईंनी नव्या भाताचे पोहे काढून ठेवलेत. तुमचा नवा पत्ता कळवा.

तुमची,
लेकाची आई
खानापूर तालुका, जि. बेळगाव