चुना आणि गोगलगाय : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. बदली, थकीत बिलं, गळक्या खोल्या यांबद्दलची पत्रं आपल्याकडे ढिगानं येत असतील. हे पत्र गोगलगायींबद्दल आहे.

२०२२च्या खरिपात आमच्याकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, काहींना दुबार पेरणी करावी लागली, हे आपल्या कानावर असेलच. तेव्हापासून बांधाच्या कडेनं चुन्याचा पट्टा ओढायचा, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रात्री शेतात टाकायची आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हे इथल्या पोरांच्या अंगवळणी पडलंय. गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीनं परिपाठ संपल्यावर मला गाठलं. “सर, बाबा चुना टाकतेत गोगलगाय येऊ नये म्हणून. मग ती आपल्या शाळंच्या चुन्याच्या भिंतीवर चढून काय चाटती?”

अठरा वर्षं मी त्या भिंतीवरच्या गोगलगायी बघतोय. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

उत्तर शोधून दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. सांगितलं नाही, आणि त्यात माझी काही थोर शिक्षणपद्धती नव्हती; चाचणीचे गुण ऑनलाइन भरायची मुदत संपत होती. तेवढ्या दिवसांत मुलांनीच सुरुवात केली. एक जण म्हणाला, ऑफिसच्या भिंतीला ऑइलपेंट आहे, तिथं एकही गोगलगाय नाही, म्हणजे तिला चुनाच आवडतो. दुसरा म्हणाला, “ती भिंत उगवतीची हाय. सकाळीच ऊन येतंय, तिथं कोण थांबल?” बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदला, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. या पोरानं ते भिंतीकडे बघून ओळखलं.

मग शहाबादी फरशीचे तीन तुकडे आले. एक कोरा, एक दिवाळीत चुना मारलेल्या पायरीचा, एक त्याच दिवशी चुना फासलेला. तिन्ही एकाच लिंबाखाली, तिन्हींवर सारखंच ओलं गोणपाट. या गोगलगायींच्या अंगावर माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात, म्हणून हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून रोज सकाळी साडेसहाला मोजणी. अकरा दिवसांत जुन्या चुन्यावर ३१ भरल्या, कोऱ्या फरशीवर १२. ताज्या चुन्याकडे पहिले पाच दिवस एकही फिरकली नाही, नंतर तिथंही तुरळक येऊ लागल्या. सातव्या दिवसापुढे त्या मुलीनं वहीत लिहिलंय : “कुत्र्यानं गोणपाट ओढलं. आजचं मोजणं धरू नये.” हे वाक्य मी तिला शिकवलेलं नाही.

अकरा दिवस आणि तीन फरश्या म्हणजे पुरावा तसा तोकडाच. पण दिशा बरोबर होती. ताजा चुना दाहक असतो, गोगलगायीच्या ओल्या अंगाला तो सोसत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि गोगलगायीचा शंख मुख्यतः त्याचाच बनलेला असतो. म्हणून ती जुनी भिंत खरवडून खाते. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकून ती दुधाळ करून दाखवायचा प्रयोग प्रत्येक शाळेत होतो, अभिक्रिया तीच. बांध, भिंत आणि परीक्षानळी यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे आमच्या वर्गात पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आलं. त्या ‘कुणाच्या तरी’मध्ये मीही धरा.

आता तक्रारीकडे येतो. ही वही घेऊन आम्ही विज्ञान प्रदर्शनाला गेलो. अर्जात विषय होता, उपविषय होता, प्रतिकृतीची लांबी-रुंदी होती, वीजजोडणी हवी का हे होतं. ‘तुमचा प्रश्न काय?’ असा रकाना नव्हता. परीक्षक सज्जन होते. त्यांनी तीन फरश्यांकडे बघितलं, वही चाळली आणि विचारलं, “पण मॉडेल कुठंय?” शेजारच्या टेबलावर इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा पुठ्ठ्याचा जेसीबी होता, दरवर्षी असतोच. त्याच्याभोवती गर्दी होती. २०१८ साली राज्यानं थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली. विज्ञान प्रदर्शनांतल्या थर्माकोलच्या मॉडेलांपर्यंत ती पोचायला अजून अवकाश असावा. जेसीबी करणाऱ्या मुलावर माझा राग नाही, त्यानंही मेहनत घेतली होती. पण तो जेसीबी चालणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. गोगलगाय येईल की नाही हे आमच्या मुलीला ठाऊक नव्हतं. माझ्या मते विज्ञान सुरू होतं ते इथं.

मुलांसाठी योजना नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात, पण तिथं एखादी अडचण सोडवणारं काहीतरी नवं हवं असतं. नुसतं कुतूहल तिथं बसत नाही. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा हेतू आमच्या फरश्यांच्या बराच जवळचा आहे. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत एकदा हात वर करायला सांगा, ती किती शिक्षकांना माहीत आहे ते कळेल.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत एक विज्ञान-शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९७८मध्ये तो जिल्हाभर गेला. मुलं प्रयोग करून शिकायची, परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती. त्यात ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्र लिहून वाटेल ते विचारायची आणि सवालीरामाचं उत्तर घरी यायचं. खेड्यातल्या पोराच्या नावानं टपाल येणं ही केवढी गोष्ट आहे, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. २००२ साली तिथल्या सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. आपल्याकडे जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, आणि यासाठी ना निधी लागला, ना शासन निर्णय. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी भुंग्यांसारख्या बंबलबी माश्यांवर केलेले प्रयोग २०१०मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या संशोधनपत्रिकेत छापून आले, मुलांच्याच भाषेत, रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. प्रदर्शनाच्या अर्जात प्रश्नाचा रकाना घाला आणि ज्यांच्याकडे प्रतिकृती नाही, नुसती वही आहे, अशांसाठी एक दालन ठेवा. अंदाज चुकला तरी ती वही तिथं मांडता आली पाहिजे. शाळांत उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ आहेच. त्यातला महिन्याचा एक मुलांच्या स्वतःच्या प्रश्नाला द्या. आणि उत्तर देणारं कुणीतरी नेमा. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत विज्ञान महाविद्यालयं आहेत, तिथल्या एकेका प्राध्यापकानं आठवड्याला दोन पोस्टकार्डं लिहिली तरी पुरे. ‘किशोर’ मासिक १९७१पासून बालभारतीच काढते. त्यातली चार पानं मुलांच्या तपासांना मिळाली तर पुढच्या तालुक्यातला पोरगा आमच्या फरश्यांतली चूक काढेल. मला तेच हवंय.

एक कळकळीची विनंती मात्र आहे. याचं पोर्टल करू नका. ‘प्रत्येक शाळेनं दरमहा किमान पाच प्रश्न अपलोड करावेत, सोबत फोटो जोडावा’ असं पत्रक निघालं की काय होईल ते मी आत्ताच सांगतो. महिनाअखेरीस मीच पाच प्रश्न तयार करीन, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढीन आणि अहवाल शंभर टक्के भरलेला दिसेल. श्रेणी नको, क्रमांक नको, तालुक्यातून पहिला प्रश्नही नको.

ती मुलगी आता आठवीत आहे. यंदाच्या पावसात तिला अर्धवट फुटलेल्या शंखाची एक जिवंत गोगलगाय सापडली. तिचं म्हणणं असं की दोन गोगलगायींपैकी एकीला जुना चुना द्यायचा, दुसरीला द्यायचा नाही, आणि कुणाचा शंख आधी भरून येतो ते बघायचं. पण त्याआधी कुणा जाणत्या माणसाला विचारायचं आहे की किती दिवस थांबावं लागेल. तिनं पोस्टकार्ड लिहून माझ्याकडे दिलंय. ते पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. कुणाच्या नावानं टाकायचं तेवढं कळवावं.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
जि. लातूर