मशीन उघडण्याआधी पाणी विचारणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझं एस्प्रेसो कॉफीचं मशीन दुरुस्त केलंत, त्याबद्दलचं हे सगळं दुकानात येऊन तोंडी सांगता आलं असतं. पण तुम्ही समोर असलात की आभार मानूच देत नाही. "असू द्या की ताई, चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता. शिवाय सोलापुरात आता बऱ्याच ओट्यांवर एस्प्रेसो मशीन दिसायला लागली आहेत, त्या घरांनाही हे कळावं म्हणून सगळ्यांदेखत लिहिते. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता तेवढा लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. पूर्वभागातले जुने जॉबर, आयुष्य पॉवरलूमच्या आणि नंतर डाय हाऊसच्या (सूत-कापड रंगवायच्या कारखान्याच्या) बॉयलरच्या देखभालीत गेलेले, आता मिक्सर-गिझर दुरुस्त करणारे, एवढी ओळख पुरे.

मशीन माझ्याकडे आलं ते मावसभावाकडून. तो पुण्यातलं बिऱ्हाड आवरून परदेशी गेला आणि हे इटालियन बनावटीचं धूड माझ्या पदरात पडलं. त्याच्या सोसायटीला कायम टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी. इथे जुळे सोलापुरात आल्यावर ते थोडे दिवस बरं चाललं, मग धार बारीक होत होत थेंबांवर आली. दिवा लागायचा, बॉयलर तापायचा, पंप गुरगुरायचा आणि कप कोरडा. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी लक्षणं ऐकलीही नाहीत. मशीन आमच्याकडे पाठवा, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, म्हणाले. खर्च जो सांगितला त्यात थोडी भर घातली तर नवीन मशीन आलं असतं. घरात सासऱ्यांनी ते माळ्यावर टाकायची तयारी केलीच होती. त्यांचा त्या मशीनवर पहिल्यापासून राग. एवढ्याशा कॉफीला एवढा पसारा कशाला, हे त्यांचं म्हणणं.

तुमच्याकडे कुणी पाठवलं तर आमच्या गिझरवाल्याने. तुम्ही असलं मशीन कधी हाताळलं नव्हतं आणि ते तुम्ही सरळ सांगितलंत. मला तेच बरं वाटलं. त्याआधी एका दुकानात "होऊन जाईल" असं मशीन पिशवीतून बाहेर काढायच्या आत ऐकून आले होते. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, "पाणी कुठलं घालता, ताई? आणि आधी कुठलं घालत होते?"

अण्णा, आभार खरे या प्रश्नाचे आहेत. कॉफीवर बोलणारे लोक बिया, भाजणी, ग्राइंडर, क्रीमा (कपावरची सोनेरी साय) यांवर तासन्‌तास बोलतात. चिकमगळूरच्या कुठल्या मळ्यातली अरेबिका आहे हे त्यांना पाठ असतं. कपात नव्वद टक्क्यांहून जास्त काय असतं, तर पाणी. त्याची चौकशी कुणी करत नाही. तुम्हाला कॉफीतलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्ही थेट मुद्द्यावर आलात. तुमच्या दृष्टीने तो एक छोटा बॉयलर होता, आणि बॉयलर बिघडला की आधी पाणी तपासायचं.

मग पंपाला कान लावलात. या पंपातला दट्ट्या आपल्या घरच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो, हे मला नंतर कळलं. पाणी मिळत नसेल तर तो कोरडा खडखडतो. पुढची वाट बंद असेल तर आवाज दबतो, जड होतो. तुम्ही म्हणालात, "पंप तर बोलालाय, ताई. पाणी पुढं अडकलंय." वाफेच्या नळीचा कॉक उघडून पंप चालू केलात तर तिथून पाण्याची सणसणीत धार आली. म्हणजे टाकी ठीक, पंप ठीक, बॉयलरपर्यंतची वाट ठीक. अडथळा बॉयलर आणि कॉफीवर पाणी सोडणाऱ्या हेडच्या मध्ये. पाच मिनिटांत दोष बोटभर जागेत कोंडलात. हेल्पलाइनवाल्यांनी फोनवर एवढं एक करून बघायला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

प्लग काढून, मशीन पूर्ण गार होऊ देऊन तुम्ही सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडलात. बॉयलरचं पाणी हेडकडे जाऊ देणारा आणि कॉफी काढून झाली की उरलेला दाब खालच्या ट्रेमध्ये सोडून देणारा हा भाग. आत करंगळीच्या पेराएवढा दांडा, त्याला स्प्रिंग, टोकाला रबराची टिकली, आणि ती टिकली जिथे बसते तिथे सुईच्या नेढ्यासारखं छिद्र. त्या छिद्रात पांढऱ्या खाराचा खपला अडकला होता. मी टाचणी पुढे केली तर तुम्ही हात बाजूला केलात. पितळेची बैठक आहे, पोलादाने ओरखडा गेला की जन्मभर गळत बसेल. जुन्या वायरीतून तांब्याचा एक केस सोडवलात आणि तो छिद्रातून अलगद फिरवलात. खपला कागदावर पडला. त्यावर तुम्ही लिंबूफुलाच्या पाण्याचा थेंब सोडलात, तसा तो फसफसून विरघळायला लागला. पाण्यातला चुना तापवल्यावर असा भांड्याला धरतो हे शाळेत शिकले होते, पण आपल्या कॉफीची वाट अडवणारा चुना बुडबुडे सोडत जाताना बघणं वेगळं.

बॉयलर ॲल्युमिनियमचा आहे हे बघून तुम्ही लिंबूफुलाचं प्रमाण हलकंच ठेवलंत, लिटरला वीसेक ग्रॅम, आणि रात्रभर भिजत ठेवायचं नाही म्हणून बजावलंत. थोडा वेळ ठेवायचं, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं, आणि शेवटी वास-चव जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. सगळं झाल्यावर व्हॉल्व्ह परत उघडलात. मला वाटलं उगाच. पण बॉयलरमधून सुटलेले बारीक कण नेमके तिथेच येऊन बसले होते. घरच्या घरी खार काढल्यावर मशीन आधीपेक्षा जास्त तुंबतं अशी तक्रार मी कितीदा वाचली होती. त्याचं कारण त्या दिवशी तुमच्या टेबलावर दिसलं.

गेजचा किस्सा तर मी सगळ्यांना सांगते. पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे पुडी भरायच्या मुठीवाल्या चाळणीच्या, खालची दुतोंडी नळी काढून तिथे तुम्ही बॉयलरचा जुना पितळी गेज बसवलात. त्यावर दाबाचे आकडे किलोत (दर चौरस सेंटिमीटरला), मी वाचलेलं सगळं बारमध्ये. दोन्हींत फरक जवळजवळ नाही. बंद (बिनछिद्रांचा) फिल्टर लावून पंप चालवला तर काटा १२च्या पुढे. मी म्हटलं, एस्प्रेसोला ९ बार लागतात. खोक्यावर मात्र १५ बार असं ठळक छापलेलं आहे. ते पंपाची कमाल ताकद सांगतं, कॉफीशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ जाहिरात. तुम्ही जादा दाब परत टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह ॲलन कीने थोडा थोडा फिरवून काटा १०वर आणलात. पाणी वाहताना तो आपोआप ९च्या आसपास येतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

"पण हे नऊ ठरवलं कुणी?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. आधी नुसत्या वाफेच्या दाबावर कॉफी काढायचे, जेमतेम दीड बार. मग मिलानच्या गाजियाने दांड्याचं मशीन काढलं, १९४८ला ते बाजारात आलं. दांडा ओढायचा, स्प्रिंग दाब देणार, आणि कॉफीवर पहिल्यांदा ती सोनेरी साय आली. १९६१ला फाएमाच्या ई-६१ मशीनमध्ये विजेचा पंप आला आणि हाताचं काम गेलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "म्हणजे आधी हातमाग, मग पॉवरलूम." तीन वाक्यांत मी जे सांगत होते ते तुम्ही एकात संपवलंत.

यानंतर खरं म्हणजे पैसे घेऊन तुम्ही मला वाटेला लावू शकला असता. पण तुम्ही थेंबांचं किट काढलंत, डाय हाऊसमध्ये सॉफ्टनरचं पाणी तपासायला वापरतात ते. मी घरून आणलेल्या तीन बाटल्या ओळीने ठेवल्यात. पाण्यात रंग टाकला की ते लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. जितके थेंब जास्त तितका पाण्यात चुना जास्त. आरओच्या जारचं पाणी जवळजवळ लगेच निळं झालं. उजनी धरणाचं नळाचं पाणी त्यामानाने बऱ्याच थेंबांनी. आमच्या बोअरच्या पाण्याला थेंब मोजता मोजता तुम्ही हसायलाच लागलात, "हे झाडाला घाला, ताई."

मला वाटलं, मग आरओच बरं. तुम्ही मान हलवलीत. अजिबात क्षार नसलेलं पाणी धातू खातं, बॉयलरला तेही मानवत नाही. कॉफीचीही तीच गत. पाण्यात थोडे क्षार नसतील तर चव सपाट लागते. स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या संघटनेचं पाण्याचं मानकही लिटरमागे १५० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांच्या आसपास आहे, शून्य नाही. ते मी तुम्हाला नंतर फोनवर सांगितलं तर तुम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. तेव्हापासून मी नळाचं गाळलेलं आणि जारचं पाणी मिसळून घालते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवणीवरच चालतं, म्हणून मशीनसाठी वेगळी कळशी भरून ठेवते. तुम्ही दिलेलं किट फ्रिजवर आहे. उन्हाळ्यात पाण्याची चव बदलली की मिश्रण पुन्हा तपासते.

बाकीचं सांगितल्याप्रमाणे चालू आहे. दूध तापवून झालं की वाफेची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून एकदा वाफ सोडायची. आठवड्याला बंद फिल्टर लावून उलटं धुणं. हेडची जाळी काढून ब्रशने घासणं. काम झालं की पोर्टाफिल्टर आवळून ठेवायचा नाही, गॅस्केट (हेडमधलं रबराचं कडं) उष्णतेने कडक होतं. आता १८ ग्रॅम पुडीला ३६ ग्रॅम कॉफी पंचवीस ते तीस सेकंदांत उतरते, पोळ्या लाटताना बाजूला काढून होते. सासरे अजून ती पीत नाहीत, पण दुधाला वाफेचा फेस काढून मागतात आणि त्यात साखर घालतात. मी काही बोलत नाही.

तुम्हाला पहिला कप दिला तेव्हा तुम्ही वास घेतलात, एक घोट घेतलात, कप बाजूला ठेवलात आणि पोराला चहा सांगितलात. त्याबद्दलही आभार. आवडल्याचं खोटं बोलला असता तर मला कसंतरी झालं असतं. आणि पैसे तुम्ही मिक्सर दुरुस्तीचे घेतलेत. ते मला अजून पटलेलं नाही.

गॅस्केट थोडं कडक वाटतंय. हाताशी येईल ते रबर घालायचं नाही, खाण्याच्या कामाचं सिलिकॉनच पाहिजे, असं तुम्ही म्हणाला होता, तर तेवढं बघून ठेवा. संक्रांतीच्या गर्दीत येत नाही, गड्डा (सिद्धेश्वरांची जत्रा) उठला की येते. बरोबर विजापूर रोडची मैत्रीणही येईल, तिच्याही मशीनची धार बारीक झाली आहे. खार काढायला घेऊ नकोस, आहे तसंच आण, असं तिला सांगून ठेवलंय. तीन बाटल्या पाणीही आणायला सांगितलंय.

तुमची,
कॉफीवाली ताई
जुळे सोलापूर