७२ अंशांवर आम्ही काय उकडायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला स्मार्ट थर्मोस्टॅटवरचा (घराचं तापमान बघून यंत्रणा आपोआप चालू-बंद करणाऱ्या, फोनला जोडलेल्या डबीवरचा) लेख दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा दोष असेल. 'खोली ७२ अंशांवर ठेवल्यास यंत्रावर ताण येत नाही.' संपादक महाशय, ७२ फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण २२ सेल्सिअस, एवढं लिहायला किती शाई लागली असती? आपल्या ७२ अंशांचं पाणी आम्ही विसण घातल्याशिवाय अंगावर घेत नाही. आणि 'घरातली हीटिंग यंत्रणा' म्हणाल, तर आमच्याकडे ती म्हणजे बंब. त्याला ॲप लागत नाही, ढलप्या लागतात.

असो. हा थर्मोस्टॅट बंद झालेल्या कॉम्प्रेसरला, म्हणजे एसीतला गॅस दाबणाऱ्या पंपाला, तीन ते पाच मिनिटं पुन्हा सुरू होऊ देत नाही, हे तुमच्या लेखकानं एका ओळीत उरकलं आहे. अहो, सगळं त्या ओळीतच आहे! कॉम्प्रेसर थांबल्यावर गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला वेळ लागतो. त्याआधी लाइट आली तर मोटर त्या दाबाविरुद्ध जोर लावते, फिरत नाही, आणि नेहमीच्या कित्येक पट करंट ओढून वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, तापवते. हे मला पैसे मोजून कळलं आहे.

आमचा विंडो एसी जुना, गोल बटणाचा. तीन मिनिटं थांबायची अक्कल त्याला नव्हती, त्याच्या स्टॅबिलायझरला होती. गेल्या एप्रिलात स्टॅबिलायझरचा रिले कडकड वाजायला लागला म्हणून मेकॅनिकला बोलावलं. 'काका, हा दुकानात नेतो, तोवर एसी डायरेक्ट करून देतो. चार दिवसांत आणतो.' चार दिवसांचे तीन आठवडे झाले. फोन केला की आज मिरजेत, उद्या माधवनगरला. मग मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली आणि अर्ध्या मिनिटात आली. घुर्रर्र, टक्. पुन्हा गेली, पुन्हा आली. ही आतून ओरडली, 'अहो, बंद करा ते आधी!' मी म्हणालो, आत ओव्हरलोड आहे, जास्त तापलं की वीज तोडणारा, सांभाळतो तो. (ही चूक माझी, छापलीत तरी चालेल.) तिसऱ्या वेळी जळका वास आला. कॉम्प्रेसर बदलण्यापेक्षा नवा एसीच घ्या, हा सल्लाही त्याच गृहस्थानं दिला. स्टॅबिलायझर आजतागायत त्याच्याकडेच आहे.

आणि आज सकाळी त्यानंच मला तुमच्या लेखाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला! खाली लिहिलंय, 'काका, हे बसवा, बिनधास्त राहा.'

बसवू कुठे? लेखातलं यंत्र २४ व्होल्टच्या तारांवर चालणाऱ्या, घरभर डक्ट, म्हणजे हवेचे पन्हाळ, फिरवलेल्या यंत्रणेसाठीचं. आपल्या स्प्लिटसाठी ज्या 'स्मार्ट' डब्या मिळतात, त्या बहुतेक रिमोटची नक्कल करतात. बाहेर कॉम्प्रेसर फिरतोय की अडकलाय, त्यांना पत्ता नसतो. थांबायचं काम स्प्लिटचं स्वतःचं कार्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, करतं. संध्याकाळी २३० चं व्होल्टेज १७० वर उतरतं, तेव्हा ही डबी काय करणार? लाइट गेली की वायफायही जातं, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही. व्होल्टेज आणि स्टॅबिलायझर हे शब्द अख्ख्या अर्ध्या पानात एकदाही नाहीत.

फिल्टर धुवायची आठवण फोनवर येते, याचं लेखकाला फार कौतुक. फिल्टर तुंबला की हवा अडते आणि कॉइलवर बर्फ धरतो, हे खरंच आहे. पण आमच्याकडे ती आठवण दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातून येते, आणि ती म्यूट करता येत नाही.

जाता जाता: गेल्या दोन रविवारच्या शब्दकोड्यांची उत्तरं तुम्ही छापलेली नाहीत. थर्मोस्टॅटला अर्धं पान मिळतं, उत्तरांना चार ओळी मिळत नाहीत? माझं २३ आडवं अजून अडलेलं आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
विश्रामबाग, सांगली