पसंतीक्रम भरायच्या आधी फीचा आकडा सांगा! उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे पसंतीक्रमाच्या अर्जात, प्रत्येक कॉलेजसमोर विद्यार्थ्याला स्वतःच्या खिशातून भरावी लागणारी रक्कम दाखवण्याबाबत.

महोदय, सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोक अजून त्याला सेतूच म्हणतात. उन्हाळ्यात उत्पन्नाचे दाखले आणि नॉन क्रिमीलेअर, पावसाळा लागला की कॅपचे फॉर्म, मग दसरा-दिवाळीच्या आगेमागे महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज, असं आमचं वर्ष सरतं. मुंबईत निघालेला शासन निर्णय गावातल्या माणसापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा माझ्यासारख्याच्या तोंडून, आणि तिथेच तो नीट पोचत नाही, हे रोज बघतो. म्हणून लिहितोय.

मागणी एकच आहे. पोरगा किंवा पोरगी कॉलेजांचा पसंतीक्रम भरते, तेव्हा तिला प्रत्येक कॉलेजसमोर एक आकडा दिसावा : सगळ्या सवलती वजा जाता, या कॉलेजात पहिल्या वर्षी तुला किती भरावे लागतील. बस.

हा आकडा आज कुणालाच माहीत नसतो. विद्यार्थ्याला नाही, बापाला नाही, मला नाही. कॉलेजच्या क्लार्कला असतो, पण तो सांगतो प्रवेश घ्यायला गेल्यावर. तोवर पसंतीक्रम देऊन झालेला असतो.

एक उदाहरण मांडतो, आकडे समजा म्हणून घ्या. खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेज. शिक्षण शुल्क ९०,०००, विकास शुल्क १०,०००, एकूण १ लाख. आता याच कॉलेजात, याच शाखेत, शेजारी शेजारी बसणाऱ्या मुलांचं बघा. खुल्या प्रवर्गातला, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेला मुलगा राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीत बसला, तर त्याला निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. म्हणजे खिशातून गेले ५५,०००. त्याचीच सख्खी बहीण असती, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार तिचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ, म्हणजे १०,०००. ओबीसी मुलाला निम्मं, भटक्या-विमुक्तातल्या मुलाला पूर्ण. अनुसूचित जातीच्या मुलाचं कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क सरकार देतं आणि वर निर्वाह भत्ताही. अडीच लाखांच्या वर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फी मिळते, भत्ता मिळत नाही. टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या) जागेवर लागलेल्याला शिक्षण शुल्क नाही, बाकीचं भरा, आणि कॉलेज किंवा शाखा पुढे बदलायची नाही. आणि जो कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या जागेवर संस्था स्तरावर गेला, त्याला यातलं काहीच नाही. पुरा लाख.

एका बाकावर इतक्या किमती. मी वर्षानुवर्षं हेच फॉर्म भरतो, तरी नवीन गिऱ्हाईक समोर बसलं की मला कागद-पेन घ्यावं लागतं. बारावी झालेल्या पोरीने आणि सोयाबीनच्या भावावर डोळा ठेवून बसलेल्या तिच्या बापाने हे मनातल्या मनात करावं अशी आपली अपेक्षा आहे का?

आता सरकारकडे काय काय आहे ते बघा. कुठल्या कॉलेजची फी किती, त्यात शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ च्या कायद्यानेच ते काम त्यांच्याकडे आहे. विद्यार्थी कुठल्या प्रवर्गातला, अधिवास कुठला, जात वैधता आहे का, नॉन क्रिमीलेअर ३१ मार्चपर्यंत चालतंय का, ईडब्ल्यूएसचा दाखला आहे का, हे सगळं ही प्रवेश प्रक्रिया चालवणारं सीईटी सेल ई-स्क्रुटिनीत (ऑनलाइन कागदपत्र तपासणीत) तपासून घेतं. वार्षिक उत्पन्नाचा रकाना कॅपच्या अर्जातही आहे. आणि कुणाला किती टक्के द्यायचे हे शासन निर्णयांत आहे, ते तर आपल्याच सरकारचे. तिन्ही गोष्टी घरातच आहेत. उरली ती वजाबाकी. ती तेवढी पोराने करायची.

ही वजाबाकी चुकली की काय होतं ते सांगतो. २०२४ च्या त्या निर्णयाची बातमी गावात पोचली ती "मुलींना उच्च शिक्षण मोफत" एवढ्याच शब्दांत. चांगला निर्णय, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पण मूळ निर्णयात अटी आहेत. अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा, व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश वगळून. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठं त्यात नाहीत. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, डिपॉझिट हे सगळं भरायचंच. हे कुठल्या बातमीच्या मथळ्यात मावतं?

आमच्याकडची एक मुलगी चांगले मार्क असून एका खाजगी विद्यापीठात गेली. तिथल्या माणसाने फोनवर गोड बोलून जागा पक्की केली होती, आणि घरच्यांची समजूत अशी की मुलीची फी आता सगळीकडेच माफ आहे. कॅपच्या दुसऱ्या फेरीत तिला साध्या पण पात्र कॉलेजात जागा मिळत होती, ती तिने सोडली. महाडीबीटीचा फॉर्म भरायला माझ्याकडे आले तेव्हा मला सांगावं लागलं की तुमचं विद्यापीठ या योजनेत नाही. वडिलांनी दोनदा विचारलं, "पण मुलगीच आहे ना ती?" त्यांना समजावताना मला माझ्याच खुर्चीची लाज वाटली.

तिच्यासमोर पसंतीक्रम भरताना कॅपमधल्या त्या कॉलेजाचा आकडा असता, तर तिने काय निवडलं असतं हे मी सांगू शकत नाही. कदाचित तेच विद्यापीठ निवडलं असतं. पण मग ती निवड तरी असती.

आणि आता हा फॉर्म पूर्वीइतका सैलही राहिलेला नाही. २०२५-२६ पासून इंजिनिअरिंगच्या कॅपला चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले : पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप फ्रीझ (म्हणजे तीच पक्की, पुढच्या फेऱ्या बंद), दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. जागा अडवून ठेवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून हे केलं असणार, माझी तक्रार नाही. पण याचा अर्थ यादीत पहिलं नाव कुठलं टाकायचं या निर्णयाला आता मोठी किंमत आहे, आणि ती किंमत रुपयांत किती हे टाकणाऱ्याला माहीत नाही. तीनशेपर्यंत पर्याय देता येतात. तीनशे कॉलेजांची नावं, कटऑफ, कोड, सगळं समोर, आणि पैशाचा रकाना नाही.

खरं तर तुमच्याच यंत्रणेत याचा एक छोटा नमुना आहे. टीएफडब्ल्यूएसच्या जागांना कॅपमध्ये वेगळा चॉइस कोड असतो, शेवटी टी लावलेला. आठ लाखांच्या आतलं पोरगं तो कोड वेगळा टाकतं, आणि तो लागला तर शिक्षण शुल्क नाही हे त्याला आधीच पक्कं ठाऊक असतं. गावातली हुशार पोरं यादीत टी वाले कोड वर ठेवतात, का ठेवतात हे आईबापाला समजावून सांगतात. जे पाच टक्के जादा जागांसाठी जमलं, ते उरलेल्यांसाठी का जमू नये?

यावर उत्तर काय येईल याचा अंदाज आहे. शिष्यवृत्त्या वेगवेगळ्या खात्यांच्या आहेत. अनुसूचित जातींचं सामाजिक न्यायकडे, आदिवासींचं आदिवासी विकासकडे, ओबीसी-भटक्यांचं इतर मागास बहुजन कल्याणकडे, आणि राजर्षी शाहू तेवढी तुमच्याकडे. मान्य. पण २०१७ पासून या सगळ्यांचे फॉर्म एकाच महाडीबीटीवर येतात, आणि तिथे विद्यार्थ्याला कॅपचा अर्ज क्रमांकही विचारतात. धागा आहे, फक्त उलट्या दिशेने ओढला जातो. प्रवेश झाल्यावर महाडीबीटी कॅपकडे बघते. प्रवेशाआधी कॅपने महाडीबीटीचे नियम बघावेत एवढंच म्हणणं आहे.

दुसरं उत्तर येईल की पात्रता प्रवेशाआधी पक्की करता येत नाही. तीही गोष्ट थोडी खरी आहे. राजर्षी शाहूचा लाभ एका कुटुंबातल्या दोघांनाच. थोरल्या दोघांनी घेतला असेल तर तिसऱ्या मुलाचं काय, हे कॅपला कळणार नाही. पुढच्या वर्षी हजेरीची अट आहे, मधल्या काळात गॅप किती पडला याची अट आहे. मग आकड्याखाली बारीक अक्षरांत "तात्पुरती पात्रता" लिहा, अटी लिहा, घरातल्या भावंडांचा एक प्रश्न अर्जातच विचारा. बँका, विमेवाले, सगळे असंच करतात. अंदाजाचा आकडा चुकला तरी हजार-पाचशेने चुकेल. आज पोरं चुकतात ती पन्नास हजाराने.

पैसे कधी येतात हा वेगळा आणि जुना विषय आहे, त्यात फार शिरत नाही. एवढंच म्हणतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं, तेव्हा कंडक्टरने बाईला पूर्ण तिकिटाचे पैसे मागून "अर्धे नंतर खात्यात येतील, आधार लिंक करून ठेवा" असं सांगितलं नाही. तिथल्या तिथे अर्धं तिकीट फाडलं. फीच्या बाबतीत मात्र आधी प्रवेश, मग अर्ज, मग कॉलेजची स्क्रुटिनी, मग "सेंड बॅक", मग पुन्हा अपलोड, मग खात्याची मंजुरी, मग आधार-सीडिंग चुकीच्या बँकेला जोडलेलं निघालं म्हणून पुन्हा फेरी. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा असतो, ते पैसे वेगवेगळ्या वेळी मुलाच्या खात्यात पडतात आणि मुलाने ते कॉलेजला भरायचे. कॉलेजला धास्ती, की हा भरेल का. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच हमीपत्र, आणि कुठे कुठे सही केलेला कोरा चेकही घेतात, असं पालक सांगतात.

याच अडचणीसाठी केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची सोय ठेवली आहे : पात्र विद्यार्थ्याला आधीच कार्ड द्यायचं, ते दाखवून त्याने फी न भरता प्रवेश घ्यायचा. कल्पना उत्तम आहे. माझ्या काउंटरवर ते कार्ड हातात घेऊन आलेला विद्यार्थी मात्र मला आठवत नाही. कॅपमधला आकडा हाच सगळ्या प्रवर्गांसाठी त्या कार्डाचं काम करू शकेल. अलॉटमेंट लेटरवर तो छापून आला, की कॉलेजनेही तेवढेच मागायचे.

कर्ज काढणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना अभ्यासकाळातलं पूर्ण व्याज माफ, पीएम विद्यालक्ष्मीत आठ लाखांच्या आतल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के सवलत (संस्था ठरावीकच), या योजना आहेत. पण बँकेचा साहेब पहिलं विचारतो ते "नक्की किती लागणार?" अलॉटमेंट आणि रिपोर्टिंग (कॉलेजात जाऊन प्रवेश घेणं) यांच्या मधल्या त्या तीन-चार दिवसांत बाप कॉलेजचं फीचं पत्र आणायला पुण्याला जाणार, की बँकेत बसणार? मग सावकार आहेच. त्याला कुठलंही पत्र लागत नाही.

राहण्या-जेवणाच्या योजनांबद्दल एकच ओळ. स्वाधार, स्वयं, आधार, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अशी नावं आहेत आणि प्रत्येकाची दारं वेगळी. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार मिळतात. म्हणजे कॉलेज कुठल्या गावात आहे यावर रक्कम ठरते, आणि कॉलेज कुठल्या गावात आहे हे तर चॉइस कोडमध्येच आहे. दाखवता आलं तर तेही दाखवा. पण फीचा रकाना आधी.

यात माझा तोटा आहे हेही सांगून टाकतो. हा आकडा स्क्रीनवर दिसू लागला, तर दोन महिने माझ्या केंद्रात जी गर्दी असते ती कमी होईल. "तुम्हीच बघून सांगा साहेब" म्हणत ताटकळणारी माणसं घरी बसून मोबाइलवर बघतील. चालेल मला. सातबारा काढायला येतातच की.

पुढच्या वर्षीच्या कॅपची माहितीपुस्तिका आणि सॉफ्टवेअरचं काम सीईटी सेलमध्ये परीक्षांच्या आधीच सुरू होत असणार. त्यात हा एक रकाना घालण्याचे लेखी आदेश आपण द्यावेत, सुरुवातीला फक्त इंजिनिअरिंग आणि फार्मसीसाठी दिले तरी हरकत नाही, ही विनंती. प्रत्यक्ष फॉर्म भरणाऱ्यांपैकी कुणी चाचणीला हवं असेल, तर माझ्यासारखे पुष्कळ जण गावोगावी आहेत, पैसे न घेता बसतील.

आपला विश्वासू,
तालुक्याच्या गावातला एक सेवा केंद्र चालक