करळ फोडण्याआधी मोजून तरी घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या पुळणीवर सुरूच्या बनाखालचा करळाचा थर जेसीबी लावून फोडला, का तर गाड्या थेट वाळूवर उतरल्या पाहिजेत म्हणून. निघालेले दगड गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला, वापरले. मला ते बघवलं नाही म्हणून हे पत्र.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, करळ म्हणजे वाळू आणि शिंपल्या चुन्याने घट्ट चिकटून तयार झालेला दगड. दापोली-गुहागरकडच्या जुन्या घरांच्या जोत्यात सापडतो. हे चिकटणं मुख्यतः भरती आणि ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातच होतं, त्यामुळे उधाणाचं पाणीसुद्धा आज जिथे पोचत नाही तिथे करळ जागेवर पक्का बसलेला दिसला तर एकतर समुद्र कधीकाळी तिथवर होता नाहीतर जमीन वर आली, आणि यातलं कोणतं हे ठरवायला त्याची नेमकी उंची लागते. वय आतल्या शिंपल्यांवरून कार्बन डेटिंगने काढतात. समुद्रातल्या शिंपल्या आहेत त्यापेक्षा काहीशे वर्षं जुन्या दाखवतात म्हणून दुरुस्ती करावी लागते, शिवाय वादळात लाटाही शिंपल्या वर फेकतात, त्यामुळे एका तुकड्यावर भागत नाही. एकदा दगड गडग्यात गेला की वय अजून काढता येईल पण उंची कायमची गेली.

साधारण 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रात पाण्याची खोली 75 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तेव्हा तिथे कोरडी जमीन! मग बर्फ वितळत गेला, पाणी चढत गेलं आणि सुमारे 7000 वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आलं. त्यानंतरचे जे मीटर-दोन मीटरचे चढउतार आहेत ते करळात आणि खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या, गाळात राहिलेत. जमीनही हलते बरं का, मुंबईत 1870च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली झाडांचे बुंधे उभे सापडले होते, तिथे जमीनच खचली असावी असं जाणकारांचं मत होतं.

मुंबईत भरती मोजायचं यंत्र आहे पण त्याच्या नोंदी 1878 पासूनच्या. त्याआधीचं विचारायचं तर करळालाच विचारावं लागतं, आणि आता गावोगावी धूपप्रतिबंधक बंधारे बांधायला निघालोय तेव्हा समुद्र इथे पूर्वी किती वर येत होता हे माहीत नको का?

माझं मागणं मोठं नाही. पुळणीवर कुठलंही काम काढण्याआधी ग्रामपंचायतीने करळाचे फोटो काढावेत, जीपीएसवर जागा नोंदवावी, सर्व्हेअरकडून उंची घ्यावी, जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्राच्या मुलांना बोलवावं. एक दिवसाचं काम आहे. आमच्याकडे बनाच्या दक्षिणेला वीसेक पावलांचा तुकडा अजून शिल्लक आहे, पावसाळ्यात त्यावर वाळू चढते, तेव्हा दिवाळीनंतर कुणी येणार असेल तर दाखवायला मी येतो.

आपला,
एक वाचक, ता. दापोली