पाडव्याला दोघांचं माप सतरा

महोदय,

धारूर तालुक्यातल्या एका गावात गेली 34 वर्षं मी शिलाईचं दुकान चालवतो. सप्टेंबर हा पोषण महिना. यंदाही गावात फेरी निघाली, घोषणा झाल्या. त्याच दिवशी दुकानात बसून मी मापांची जुनी वही काढली आणि हे पत्र लिहायला घेतलं.

गेल्या दसऱ्याला त्या वहीत मी दोन लेकरांची मापं लिहिली होती. एक माझी नात आणि दुसरा आमच्या घरामागच्या ऊसतोड कुटुंबातला मुलगा. दोघांच्या जन्मात पंधरा-वीस दिवसांचा फरक, तेव्हा दोघंही वर्षाची. त्याची छाती अठरा इंच, नातीची साडेसोळा. पाडव्याला पुन्हा मापं घेतली तेव्हा दोघांची छाती सतरा इंच भरली. बघणाऱ्याला दोन्ही लेकरं सारखीच बारकी. गावाने मात्र बोट दाखवलं ते माझ्या नातीकडे.

ती जन्मली तेव्हा 2 किलो 400 ग्रॅमची होती. बारशापासूनच बाया सुनेला म्हणायला लागल्या, "तुझं दूधच पातळ असंल." लग्नात, जागरण-गोंधळात, किराणाच्या दुकानात, जिथं जावं तिथं एकच प्रश्न, "लेकराला खायला देता का नाही?" सून हळूहळू कार्यक्रमांना जायची बंद झाली. मीही चुकलो. उंची वाढवणारी पावडर म्हणून एक महागडा डबा आणला आणि दुधात कालवून रोज पाजा म्हणून सांगितलं. लेकरू दिवसाला पाऊण लिटर दूध प्यायचं आणि भाकरीकडे पाहायचंही नाही.

दीड वर्षाची झाली तेव्हा अंगणवाडीत तिला भिंतीला उभी करून मोजली. 73 सेंटिमीटर. मोबाइलमध्ये आकडा टाकला आणि "खुजी" असं निघालं. मी तिथंच उभा होतो. लेकरू रडत होतं, एक गुडघा वाकलेला, टाच उचललेली. माप घेणं हाच माझा धंदा. माणूस जरा वाकून उभा राहिला तरी अंगरखा आखूड होतो, हे मला ठाऊक आहे. कापडी टेप जुना झाला की ताणतो, म्हणून मी तो दरवर्षी बदलतो. इथं तर आकड्यावरून आईची झोप उडणार होती. ताईंना दोष देत नाही. त्या एकट्या आणि समोर लेकरांची रांग.

अंबाजोगाईला एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी नातीला लांबी मोजायच्या पाटावर झोपवलं. सुनेने डोकं वरच्या फळीला टेकवून धरलं, बाईंनी दोन्ही गुडघे हलक्या हाताने दाबून पाय सरळ केले आणि खालची फळी तळव्यांना काटकोनात भिडवली. 75.5 सेंटिमीटर. वाढीच्या तक्त्यावर त्या वयाच्या मुलीची खालची रेघ 74.9 ला आहे, तिच्याखाली गेलं की लेकरू खुजं धरतात. म्हणजे अंगणवाडीत ती रेघेखाली गेली होती आणि इथं वर आली. बाई म्हणाल्या, दोन वर्षांखालचं लेकरू झोपवूनच मोजायचं. उभं मोजलं तर नीट मोजूनही माप जवळपास पाऊण सेंटिमीटर कमी येतं, आणि गुडघा वाकला तर विचारूच नका.

मग त्यांनी आमचं माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. वर्षापर्यंतचे आकडे होते, पुढचे रकाने कोरे, कारण आता सगळं मोबाइलमध्ये भरतात. दवाखान्यातल्या लसीच्या चिठ्ठ्यांवरची वजनं शोधून बाईंनी ठिपके मांडले. वर्षाला 7 किलो 200, म्हणजे जन्माच्या बरोबर तिप्पट. पंधराव्या महिन्यात 7 किलो 800. अठराव्यात 8 किलो 300. ठिपके जोडले तर खालच्या रेघेच्या थोडी वर, तिला समांतर अशी वर चढणारी रेघ दिसली. सुनेची उंची 148, मुलाची 160. बाईंनी दोघांची बेरीज केली, मुलगी म्हणून तेरा वजा केले, निम्मे केले. एकशे साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर. पोरगी मोठी झाल्यावर साधारण त्याच्या आसपास, थोडी कमी-जास्त उंच होईल. अंगात रक्त थोडं कमी होतं, त्याचं औषध दिलं. पावडर बंद केली, दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं. आणि सुनेला म्हणाल्या, "तुझं काही चुकलेलं नाही." गाडीत बसेपर्यंत ती रडत होती.

एवढ्यावर हे पत्र संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं. कारण "आपली लेकरं बारकीच असतात" हे वाक्य तेवढंच घातक आहे. मी बाईंना विचारलं होतं, या रेघा परदेशातल्या लेकरांच्या असतील ना? त्या नाही म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली या रेघा आखल्या त्या सहा देशांतल्या, चांगलं खाणाऱ्या-पिणाऱ्या लेकरांच्या मापांवरून. त्यात दक्षिण दिल्लीतली लेकरंही होती. आपल्या राज्यात 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची शंभरातली 35 लेकरं वयाच्या मानाने खुजी निघाली. एवढ्या सगळ्यांची उंची आईबापांवर गेली असं म्हणता येणार नाही.

घरामागच्या पोराचं तसंच झालं. दसऱ्यानंतर टोळी निघाली, त्याचे आईबाप कोयत्यावर गेले. लेकरू दिवसा उसाच्या फडात, रात्री कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि पाडव्याच्या तोंडावर ते परत आले. माय त्याला घेऊन दुकानात आली तेव्हा त्याच्या अंगात दसऱ्याला मीच शिवलेला सदरा होता. लेकरांच्या कपड्यात मी मुद्दाम माया जास्त सोडतो, पाच-सहा महिन्यांनी उसवून मोठा करता यावा म्हणून. नातीच्या फ्रॉकची घेराची दुमड मी त्याच आठवड्यात दोन बोटं उसवली होती. या पोराच्या सदऱ्याची माया जशीच्या तशी होती आणि वर तो खांद्यावरून घसरत होता. 34 वर्षांत वाढत्या लेकराचा कपडा सैल झालेला मी क्वचितच पाहिला आहे. पण ते सदासर्वदा हसणारं पोर, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

मी त्यांना अंगणवाडीत घेऊन गेलो. जाताना 9 किलो 100 होता, येताना 8 किलो 600. दंडाची पट्टी लावली, 12 सेंटिमीटर. साडेबाराच्या खाली म्हणजे पट्टीचा पिवळा भाग, मध्यम कुपोषण. साडेअकराच्या खाली गेलं की लाल, तीव्र कुपोषण. तिकडं त्याला दोनदा हगवण लागली होती. खायला चहा-बिस्किट आणि पातळ वरणाचं पाणी, कारण माय पहाटेच फडात जायची. तिची यात काय चूक? मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते.

ताईंनी त्याच्यामागे धावपळ केली. जंताचं, रक्ताचं औषध झालं. माझ्या बायकोने खाणं हाती घेतलं. एवढ्या लेकराचं पोट त्याच्या मुठीएवढं, पातळ दिलं की पाण्यानंच भरतं. म्हणून चमचा उभा केला तर राहील असं घट्ट वरण, त्यात कुस्करलेली भाकरी, वरून चमचाभर तेल किंवा तूप. शेंगदाण्याचं बारीक कूट (अख्खा दाणा नाही, तो घशात अडकतो), एक दिवसाआड अंडं. दिवसातून तीनदा जेवण, मधे दोनदा काहीतरी. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू. चहा बंद. दोन महिन्यांत पोर 9 किलो 500 वर गेलं. नातीलाही आम्ही हेच देतो. ती आता तेवीस महिन्यांची, 9 किलो 100 आणि बरोबर 80 सेंटिमीटर. अजूनही बारकीच आहे. तिची रेघ चालू आहे.

माझं मागणं मोठं नाही. मोबाइलमध्ये भरलेला प्रत्येक आकडा त्याच वेळी आईच्या कार्डावर पेनाने लिहून द्यावा आणि ठिपका तिला दाखवावा. दोन वर्षांखालच्या लेकराची लांबी झोपवून मोजावी, धरायला मदतनीस किंवा आईला सोबत घ्यावं. आणि दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी जाणाऱ्या प्रत्येक लेकराचं वजन करून कार्ड मायच्या गाठोड्यात द्यावं, परत आल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा करावं.

घरामागचं कुटुंब यंदाही जाणार आहे. पोराला आजीजवळ ठेवायचं का बरोबर न्यायचं, ते अजून ठरलेलं नाही. त्याचं कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत शिवून दिलं आहे, आणि नव्या सदऱ्याला चार बोटं माया सोडली आहे.

आपला,
एक शिंपी, धारूर तालुका, जि. बीड