होमस्टेच्या नावाने जाणारे बनावट मेल

मा. संपादक,

पर्यटन हंगामात कळंगुटपासून पाळोळेपर्यंतचे अनेक लहान होमस्टेवाले मेलवर बुकिंग घेतात. पण मेलमधले पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो, पाकिटाच्या मागे खोटा पत्ता लिहावा तसे. तुमच्या नावाने पाहुण्याकडे आगाऊ रक्कम मागणे म्हणूनच सोपे जाते.

स्वतःचे डोमेन (मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) असेल तर त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, तीन नोंदी हव्यात: एसपीएफ (या डोमेनवरून मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला, त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासण्याची किल्ली) आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचे काय करावे, ही सूचना). नेहमीची चूक एसपीएफमध्ये होते. जुनी नोंद तशीच ठेवून नव्या मेल सेवेची दुसरी जोडली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की तपासणीच फसते आणि खरे मेलही स्पॅममध्ये जातात. डीमार्क सुरुवातीला 'नन'वर (काहीच अडवू नका) ठेवून आपल्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवते याचे अहवाल दोन-तीन आठवडे पाहावेत, मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), शेवटी 'रिजेक्ट' (नाकारा). बहुतेकजण 'नन'वरच थांबतात. त्याने बनावट मेल अडत नाही, केवळ अहवाल येतात.

पाहुण्यांनी जीमेलमध्ये आलेल्या मेलच्या मेनूतले 'शो ओरिजिनल' उघडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' आहे का ते पाहावे. मात्र 'पास' म्हणजे डोमेन खरे, माणूस प्रामाणिक असेलच असे नाही. डोमेनचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचावे. अनोळखी स्पॅममधल्या 'अनसबस्क्राइब' दुव्यावर बोट ठेवू नये, पत्ता चालू असल्याचे कळते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

पर्यटन खात्याने होमस्टे नोंदणीच्या वेळीच ही माहिती मराठी-कोकणीतून द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, म्हापसा